उजवा कौल

माझा भाचा नितेश खोटं बोलताना फार माहिती देतो. लहानपणापासूनची खोड आहे. शाळेला दांडी मारली की पोट दुखत होतं एवढं सांगून गप्प बसायचा नाही. कुठल्या बाजूला दुखत होतं, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, सगळं ओतायचा. मी दिंडोशीला कोर्टाबाहेर बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. खरं सांगणाऱ्याचं काम अर्ध्या पानात होतं, खोट्याला पुरवण्या लागतात. म्हणून दसऱ्याच्या सकाळी हा मुलगा हातात टॉर्च घेऊन स्वतःच्या आईला शॉर्टसर्किट म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला, तेव्हाच मला खटकलं होतं. पण नुसतं खटकण्याला कोर्टात कुणी विचारत नाही आणि घरात तर नाहीच नाही.

माझी थोरली बहीण सुनंदा विक्रोळीच्या कॉलनीत राहते. मी तिला बाय म्हणते. तिचे यजमान, अनंत भावोजी, तिथल्याच एका कारखान्यात टूलरूमला होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण खंडेनवमीला त्यांची हत्यारं अजून पाटावर मांडली जातात: मायक्रोमीटर, दोन पाने आणि झिजून गुळगुळीत झालेली एक कानस. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा भावोजींचा नियम. त्यांच्यामागे बायने तो काटेकोर पाळला.

गेल्या खंडेनवमीला तिने पहिल्यांदाच सुनेला विचारलं, तुझं हत्यार कुठलं गं. अक्षता खाडीतल्या खेकड्यांवर पीएचडी करते. बायला ते आधी अजिबात पटलं नव्हतं. खेकडे खायचे असतात, मोजायचे कशाला, असं मला फोनवर म्हणायची. पण ही पोरगी ओहोटीची वेळ गाठून कांदळवनात शिरते, गुडघाभर चिखल अंगावर घेऊन परत येते आणि चिखल धुवायच्या आधी फोटो उतरवून ठेवते, हे तीन वर्षं बघितल्यावर तिचा सूर बदलला. शेजारणींना सांगू लागली, आमची सून डॉक्टर होणार, खेकड्यांची का असेना.

अक्षताने हसत हसत आपली हार्ड डिस्क तिच्या हातात ठेवली. तळहाताएवढी काळी डबी. तीन वर्षांचे फोटो आणि मोजमापं त्या डबीत. दुसरी प्रत जुन्या लॅपटॉपवर होती, पण तो लॅपटॉप गणपतीत नितेशने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. डिस्कवर आहे ना सगळं, मी आणखी एक कॉपी काढून देतो, असं तेव्हा म्हणाला होता. नितेश अंधेरीच्या एका कंपनीत लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून देण्याच्या नोकरीत आहे. बायकोची कॉपी तेवढी आज करतो, उद्या करतो म्हणत राहून गेली.

बायने डिस्क पाटावर भावोजींच्या मायक्रोमीटरशेजारी ठेवली. सासऱ्यांच्या हत्यारांच्या ओळीत सुनेचं हत्यार, आणि तेही तिने स्वतः मागून घेतलेलं. आमच्या घराण्यात असं आधी कधी झालं नव्हतं. मी तिथेच होते, बायचा चेहरा मी पाहिलाय. ओल्या बोटाने तिने डिस्कला हळदकुंकू लावलं, अगदी जिथे वायर घुसते तिथे, कारण ते तिचं तोंड असणार असं तिला वाटलं. वर एक झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी आरती झाल्यावर आम्ही तिघी कॉलनीतल्या देवीला गेलो. नितेश मॅच बघायची म्हणून घरी राहिला.

सकाळी बायने मला हाताला धरून पाटापाशी नेलं. फूल डिस्कवरून खाली आलं होतं, उजव्या बाजूला. आमच्या गावी देवाला काही विचारायचं असलं की कौल लावतात. पाषाणाला फुलं चिकटवून गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडचं फूल आधी पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. बायने फूल ठेवताना मनातल्या मनात विचारलं होतं म्हणे, पोरीचं काम तडीस जाईल ना.

"उजवो कौल दिल्यान," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

उत्तरपूजा झाली आणि अक्षताने डिस्क लॅपटॉपला लावली. लॅपटॉपला डिस्कचा पत्ताच लागेना. आतून टक, टक, टक असा आवाज यायचा, मग थांबायचा. अक्षताने वायर काढून पुन्हा लावली. मग नितेश उठला. त्याने वायर बदलली, दुसऱ्या खाचेत लावली, ऑफिसचा लॅपटॉप आणून त्याला लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या डिस्क ज्या खिडकीत दिसतात ती उघडून दाखवली. तिच्यात ही नव्हतीच. हे सगळं तो फार शांतपणे, एकेक पायरी समजावून सांगत करत होता. शेवटी त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, डिस्कचं तोंड उजेडात धरलं आणि आम्हाला एकेकीला बोलावून आतलं लाल दाखवलं.

"आई, हे काय केलंस तू," तो म्हणाला.

आणि मग सुरू झाला. कुंकवात काय काय असतं, ते ओलं झालं की वीज कशी भलतीकडे जाते, कुठली पट्टी जळते, त्या पट्टीचं नाव काय. बाय मान हलवत ऐकत होती. शिकत होती बिचारी, आपण नक्की काय पाप केलं ते. अक्षता खाली बसली होती, ती एकदम उठून उभी राहिली. तिचा राग मी समजू शकते. तीन वर्षांच्या ओहोट्या कुणी परत आणून देत नाही. पण डिस्क तिने स्वतःच्या हाताने दिली होती हे ती विसरली, आणि पुढे जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तुम्ही तर कुंकवाला हातच लावायला नको होता, आई."

नवरा गेलेल्या बाईला तिच्याच घरात, दसऱ्याच्या दिवशी. आणि कोण बोललं, तर सूक्ष्मदर्शकातून जग बघणारी, हळदीकुंकवाला नाक मुरडणारी मुलगी. रागाच्या भरात माणसाला शिक्षण आठवत नाही, आजीच्या वेळचं सगळं मात्र बरोबर आठवतं. नितेशने बायकोला एका शब्दाने अडवलं नाही. बायने कुंकवाचा करंडा उचलला, झाकण लावलं आणि सुनेच्या समोर ठेवला. मग देवासमोर जाऊन ती डिस्क उघडेपर्यंत माशाला तोंड लावणार नाही, असं बोलून मोकळी झाली.

जे कोकणातले नाहीत त्यांना यात काय ते कळणार नाही. बायला एक वेळ भात नसला तरी चालेल, पण माशाचं सार हवं. बांगडा तळताना तिचा चेहरा बघावा. आणि मासे सोडले ते तिने एकटीने. घरात मासे यायचे तसेच येत राहिले. ती साफ करायची, वाटण लावायची, तळून गरम गरम दोघांच्या पानात वाढायची आणि आपण दहीभात कालवायची.

नितेश डिस्क अंधेरीला घेऊन गेला. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारं एक दुकान आहे तिथे. परत आल्यावर त्याने पुन्हा सविस्तर सांगितलं. कुंकवामुळेच झालंय, पण आशा आहे, एक भाग बाहेरून मागवावा लागेल, तो यायला वेळ लागतो, तोवर डिस्क त्यांच्याकडेच राहील. बायने आशा आहे एवढंच ऐकलं. देवाने होकार दिलाय म्हणजे डिस्क उघडणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तेवढ्या एका फुलावर ती पुढचे सगळे महिने जगली.

अक्षता गाईडच्या हातापाया पडून मुदत वाढवून घेऊन पुन्हा चिखलात उतरली. घरात बायची वेगळीच वाट लागली. पंख्याचं बटण दाबू का, फ्रिज उघडू का, टीव्हीचा रिमोट इकडचा तिकडे ठेवू का, प्रत्येक गोष्ट विचारून. नितेश हसून म्हणायचा, आई, लांबून. त्याच्या वाढदिवसाला ऑफिसची मंडळी जेवायला आली, तेव्हा त्याने आईने हार्ड डिस्कचं हळदीकुंकू कसं केलं ते नक्कल करून सांगितलं. बाय त्याच वेळी वड्यांचं ताट घेऊन बाहेर येत होती. पाहुणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बायही हसली, आणि वडे गरम आहेत तोवर घ्या म्हणाली. मला त्या ताटाने भाच्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण बहिणीचं घर, मी मूग गिळून बसले.

शिमग्याच्या आधी तिचा मला फोन आला, हळू आवाजात. ती शिमग्याला गावी जाणार होती आणि जाताना तिला डिस्क बरोबर न्यायची होती. देवासमोर ठेवून गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्यायचं, की बाबा, तू उजवा दिलास, आता उघड. नितेशला सांगितलं तर तो हसेल, म्हणून त्याला न सांगता मी अंधेरीहून ती घेऊन यावी असं तिचं म्हणणं. मी वेड्यात काढणार होते तिला. मग तिचा दहीभात आठवला आणि आणते म्हटलं.

दुकान अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात होतं. दीप्ती नावाची बाई ते चालवते. मी नितेशची मावशी म्हणताच तिने प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्क आणून दिली. बरं झालं कुणीतरी आलं, म्हणाली, पडून होती. मी विचारलं, बाहेरून भाग यायचा होता त्याचं काय. तिने माझ्याकडे नीट बघितलं. कसला भाग? चालू असताना डिस्क खाली पडली, आतल्या चकत्यांवर ओरखडे उठलेत, यातून आता काहीही निघणार नाही, हे आम्ही त्याच आठवड्यात सांगितलं होतं. आणि कुंकू, मी विचारलं. ते होतं थोडं तोंडाशी, म्हणाली, ब्रशने झाडलं, संपलं. त्याने काही होत नाही.

मग तीच जरा घुटमळून पुढे बोलली. तुमचे भाचे स्वतःच म्हणाले की पिक्चर कॉपी करताना टेबलावरून पडली. मात्र रिपोर्टात पाणी गेल्याचं लिहून द्याल का, असं विचारत होते. आम्ही नाही दिलं लिहून.

माझं डोकं सणकलं. गाळ्याबाहेरच्या पायरीवर मी मिनिटभर बसून राहिले. मॅच. आम्ही तिघी देवीला गेल्यावर ह्याने पाटावरून डिस्क उचलली, कुणाकडून आणलेले पिक्चर तिच्यात भरायला घेतले, पाडली, आणि गुपचूप पुन्हा पाटावर ठेवून दिली. फूल ठेवायचं राहिलं असेल किंवा घाईत बाजूला सरकलं असेल. उजव्या बाजूला.

रविवारी दुपारी मी थेट विक्रोळीला गेले. बाय मला बघून आधी माझ्या पिशवीकडे बघत राहिली. नितेश आणि अक्षता जेवायला बसत होते. बांगडे तळलेले होते, सार होतं, सोलकढी होती. मी पिशवीतून डिस्क काढली आणि ताटांच्या मधोमध ठेवली. बसलेसुद्धा नाही. दीप्तीने जे जे सांगितलं ते अर्ध्या पानात बसेल एवढंच बोलले.

नितेशने लगेच पुरवणी काढली. त्या बाईला काही कळत नाही, तिने कुणा दुसऱ्याचीच डिस्क दिली असेल, टक टक आवाज दोन प्रकारचे असतात. तो तिसऱ्या प्रकारावर येईपर्यंत अक्षता बोलली.

"पुरे रे. मला माहितीये ना, मावशींना पण कळलं. संपव."

मी तिच्याकडे वळले. तिला दिवाळीपासून माहीत होतं. तिने स्वतः दुकानात फोन लावला होता. मग दार बंद करून दोघांची कडाक्याची भांडणं झाली, आणि तिने त्याच्याकडून नाहूरला वेगळं घर घ्यायचं कबूल करून घेतलं. बायला भांडण ऐकू गेलं होतं, तिला वाटलं तेही आपल्यामुळेच. नाहूरची गोष्ट निघाली तेव्हा तिने एका शब्दाने का म्हणून विचारलं नाही. मी अक्षताला विचारलं, आईला खरं सांगावंसं नाही का वाटलं तुला. तिने खाली ताटात बघत उत्तर दिलं. आवाज चढवला नाही, लाजलीही नाही.

"सांगून डिस्क परत आली असती का? आणि खरं सांगू मावशी, तेव्हापासून आई कशाला नाही म्हणत नाहीत. घर शांत आहे."

मला वाटलं होतं आता बाय बोलेल. इतके महिने गिळलेलं सगळं बाहेर काढेल, निदान एक हंबरडा तरी फोडेल. ती ओट्यापाशी उभी होती, हातात पोळ्यांचा डबा. डबा तिने खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि पहिला प्रश्न मुलाला विचारला तो भलताच होता.

"मग ता फूल? ता तू काढलंस?"

नितेशने आठवायचा प्रयत्न केला. मला वाटतं त्या दिवसात पहिल्यांदाच तो खरं बोलला, कारण उत्तर एका ओळीचं होतं.

"असेल. उचलताना पडलं असेल."

 मग मीच पुढे झाले. मी एक रिकामं ताट घेतलं, त्यात भात वाढला, सार घातलं, सगळ्यात मोठा बांगडा उचलून ठेवला आणि तिला हाताला धरून बसवलं. म्हटलं, जेव, तुझा काही गुन्हा नव्हता, तुझा नवस सुटला. ती ताटाकडे बघत बसली. मग तिने मान वर केली आणि मला नाही, त्या दोघांना विचारलं, जसं पंख्याच्या बटणाबद्दल विचारायची तसं.

"मग मी आता मासे खाल्ले तर चालतील?"

 नितेश बोलला. वातावरण हलकं करायला म्हणून बोलला असेल, त्याला तशी सवयच आहे. चेहऱ्यावर ते हसूही होतं, वाढदिवसाचं.

"पण आई, तू डिस्क उघडेपर्यंत म्हणाली होतीस ना? ती तर आता कधीच उघडणार नाही."

कुणी हसलं नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं एवढं सांगते. त्याच्या बापाचं नाव काढलं, त्याच्या कंपनीचं काढलं, तो चुळबुळत ऐकत राहिला. माझा श्वास संपून मी खाली बसेपर्यंत बायने वाट बघितली. मग तिने आपल्या ताटातला बांगडा दोन बोटांनी उचलला आणि नितेशच्या पानात ठेवला. उठली, फ्रिज उघडू का असं न विचारता उघडला, दह्याचं भांडं काढलं.

माझ्या शेजारी येऊन बसल्यावर ती हळूच बोलली. मला वाटलं होतं ती माझे आभार मानेल, निदान माझा हात तरी धरेल.

"मी तुका फक्त डिस्क आणूक सांगितलंय गो, शेवंती. बाकीचा कित्याक आणलंस?"

 ती भात कालवू लागली.

शिमग्याला ती गावी गेली नाही. डिस्क मी माझ्या घरी आणलीय, कपाटात ठेवलीय. नितेश आणि अक्षता गेल्या महिन्यात नाहूरला राहायला गेले. रविवारी जेवायला येतात, आणि बाय त्यांच्यासाठी बांगडे तळते.